अहो रे

मंडळी, आमचा शेजारी आज पहाटे गेला. वय ऐंशी, नाव रे.

तरुणपणी तो बेसबॉल खेळायचा, चेंडू फेकणारा पिचर होता. खांद्याने दगा दिला आणि खेळ सुटला. नेम मात्र तसाच राहिला.

गेल्या वर्षी आई पुण्याहून इथे परदेशी, टार्निटला आली होती. मी कुंपणापाशी "थँक्स, रे!" म्हणाले आणि घरात पाऊल टाकताच आईने झापलं. "एवढ्या मोठ्या माणसाला अरे-तुरे? लाज नाही वाटत?"

ते त्याचं नावच आहे हे तिला कळलं, पण तिच्या जिभेला काही पटेना. ती त्याला "अहो रे" म्हणायला लागली. त्यालाही ते आवडलं. फोनवर म्हणायचा, "अहो रे हिअर!"

रोज आर्वोला, म्हणजे दुपारी, तो त्याच्या झाडाची लिंबं कुंपणावरून फेकायचा. आई ओढणी पसरून उभी. "डोन्ट मूव्ह, आई!" तो ओरडायचा. एकही लिंबू कधी खाली पडलं नाही. आईचं लोणचं तो टोस्टवर खायचा.

आज त्याची मुलगी सांगायला आली. ती बसलेली असतानाच मी पुण्याला आईला व्हिडिओ कॉल केला. बातमी ऐकून ती कळवळली, "असा कसा गेलास, रे!"

मुलीने विचारलं, "व्हॉट डिड शी से?"

आईने पहिल्यांदाच 'अहो' लावलं नव्हतं. हे त्याच्या मुलीला इंग्रजीत कसं सांगू, तुम्हीच सांगा.