खुंटीवरचा ॲप्रन

एक्स-रे शिकवणाऱ्या मास्तरांनी शिशाचा ॲप्रन माझ्या अंगावरून काढायला लावला. खुंटीवर नाही, फरशीवर टाकायला लावला. मग शिपायाला फिनेलचं पाणी आणायला सांगितलं.

"दोन्ही अंगानं पूस. गळ्यापाशी जरा जास्त."

शिपायानं पुसला. मास्तर वाकले, माझा गळा जिथं टेकला होता तिथं नाक नेऊन वास घेतला. तोंड वाकडं केलं. "आजून हाय. उन्हात टाक."

"रबर तडकंल की मास्तर," शिपाई म्हणाला.

"तडकू दे. आमच्या अंगाला लागतंय ते."

माझ्याबरोबर शिकणारे तिघं भिंतीला टेकून बघत होते. मी म्हणालो, "चुकलं मास्तर." वर हात जोडले. मला शिकण्यावरून काढून टाकलं नाही म्हणून त्यांचे आभार मानले. त्या नाकापेक्षा त्या आभारांची मला आज जास्त किळस येते.

पण तेव्हा मी तसाच होतो. सातवीला शाळा सुटलेली. गाव लांब, नगर जिल्ह्यात, घर महारवाड्यात. तिथल्या एका गुरुजींनी चिठ्ठी दिली आणि कोल्हापूरच्या ह्या दवाखान्यात मला एक्स-रे काढायला शिकायला घेतलं. शिवाशिव कायद्यानं बंद झाली होती, नाहीतर उंबरा ओलांडू दिला नसता. राहायला बोर्डिंग होतं. दोन वेळची भाकरी होती. वर्षानं सर्टिफिकेट मिळणार होतं. परत पाठवतील ही धास्ती सारखी असायची. एवढ्यासाठी मी कुणाच्याही पाया पडलो असतो. पडतही होतो.

खोलीत ॲप्रन एकच. एक्स-रेचे किरण अंगात शिरतात, शिसं ते अडवतं. पोरं हलतात, म्हाताऱ्यांना उभं राहवत नाही, आणि हललं की फोटो पुसट येतो. म्हणून कुणीतरी रोग्याला धरावं लागतं, आणि धरणाऱ्यानं ॲप्रन घालायचा. आधी आम्ही चौघांनी आळीपाळीनं धरायचं ठरलं होतं. माझ्या पहिल्याच पाळीला ते फिनेल झालं. मग मास्तरांनी सोपी वाट काढली. मी घातला तर ॲप्रन बाटतो. मी न घालता धरलं तर बाटत नाही.

म्हणजे धरायचं मीच. रोज. नुसत्या सदऱ्यावर. "धर रं," म्हणायचे आणि सगळे शिशाच्या आडोशामागं जायचे. ॲप्रन खुंटीवर लोंबत असायचा. कोरडा, स्वच्छ, कुणाच्याच अंगावर नाही.

एका दुपारी मास्तर टिपणं सांगत होते. बाकीचे बाकावर, मी दाराशी खाली बसून लिहीत होतो. "रोग्यास धरणाऱ्याने शिशाचा ॲप्रन घालावाच. एकाच माणसास वारंवार धरावयास लावू नये. रक्त बिघडते."

बाकावरचा एक, राजारामपुरीतल्या वकिलाचा मुलगा, फिस्सकन हसला. "आपला धरणारा हाय की मास्तर. ठरलेला."

मास्तरही हसले. "त्येंच्या रक्ताला काय हुतंय. मेलेली ढोरं पचवल्याली जात ती."

आणि पुढची ओळ सांगायला लागले.

माझं लिहिणं थांबलं नाही. लिहून झाल्यावर मी ती ओळ परत वाचली. मला वाटायचं, शिकलेली माणसं आहेत, मला अपाय होईल असं मुद्दाम करणार नाहीत. त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

चार दिवसांनी गडमुडशिंगीची एक बाई तीन वर्षांचं पोरगं घेऊन आली. बैलगाडीवरनं पडलेलं, मांडी टम्म सुजलेली.

"धर रं."

मी खुंटीकडं गेलो. ॲप्रन काढला, घातला, मागं नाडी आवळली. गाठ दोनदा सुटली.

"काढ त्यो."

"नाही काढणार. तुम्हीच लिहायला सांगितलंय."

"जीभ फुटली व्हय रं?" मास्तर बाईकडं वळले. "बाई, ह्यो कुणातला हाय म्हाईत हाय का? म्हाराचा हाय. तुमच्या पोराला शिवणार हाय."

इतके महिने हे एकाही रोग्याला सांगितलं नव्हतं. माझ्या हातांवाचून अडत होतं ना.

बाईनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. खोटं सांगत नाही, तिनं पोर जरा मागं ओढलं. पोर कळवळलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "फोटू निघाय पायजे. धरू द्या त्येला."

मास्तरांना बटण दाबावंच लागलं.

संध्याकाळी त्यांनी कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. "माफी लिहून दे. न्हायतर सर्टिफिकेट इसर."

मी वही उघडून ती ओळ दाखवली. "ही ओळ खोटी आहे असं हिच्याखाली लिहा. सही करा. मग लिहितो माफी."

त्यांनी वहीला हात लावला नाही. बाटले असते.

मी उठलो. कागद तिथंच राहिला. भीती गेली नव्हती. पण ह्या लोकांनी मला शिकवायला नाही, धरायला आणलं होतं, हे आता कुणी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी खोलीत जाऊन मी ॲप्रन अंगावर चढवला. सर्टिफिकेट द्या, नका देऊ. ह्याच्याशिवाय मी कुणालाही धरणार नाही. आणि आभार कुणाचे मानायचे, ते ह्यापुढं मी ठरवीन.