अर्ध्या लिफ्टची खूण

लातुरात फ्लेक्सची दुकानं ढिगानं हायत, पण बॅनरवर नाव राहिलं म्हणून ज्या दुकानासमोर कधी भांडण झालं न्हाई, असं दुकान एकच. आपलं! फुशारकी मारत न्हाई, खरं तेच सांगतो. अन् त्याचं कारण मी शिवशंकर न्हाई, आमची सुकन्या हाय.

सुकन्या चाकूरजवळच्या खेड्यातली. बाप रामकिशन घरचीच शेती करतो, सोयाबीन अन् तूर. नववीत असताना पोरगी चिंचेवरून पडली, मणक्याला मार बसला, तवापासून चाकाच्या खुर्चीवर. आता सत्तावीस वर्षांची हाय. कामाला आली तवा मी मनात म्हणलं, कॉम्प्युटरवर बसून बॅनर जुळवायचं काम हाय, जमून जाईल बिचारीला. पहिल्याच आठवड्यात ह्या बिचारीनं मला फैलावर घेतलं.

"काका, ह्या वाढदिवसाच्या बॅनरवर एकोणीस शुभेच्छुक हायत. एकोणीस जणांना फोन लावून विचारलं का, नाव बराबर हाय का, फोटो हाच टाकायचा का?"

"ज्यानं यादी आणली, त्यानं विचारलं असंल की."

"यादी आणणारा एक हाय काका, अन् भांडायला येणार एकोणीस," म्हणाली, अन् बसली फोन लावत. दोघांची आडनावं चुकलेली निघाली अन् एकाच्या नावावर त्याच्या भावाचा फोटो होता! तवापासून दुकानाचा कायदाच झाला. ज्याचं नाव, त्याला फोन. अन् प्रूफवर गिऱ्हाइकाची सही झाल्याबिगर मशीन चालू करायची न्हाई.

दोन वर्षांखाली नांदेडच्या हरिओमचा फोन आला. त्याची जाहिरातीची एजन्सी हाय. "अण्णा, मेट्रोचा नकाशा करायचाय. जिल्ह्यात दुसऱ्या कुणाच्या हाताला एवढी सफाई न्हाई." शहराचं नाव मी घेत न्हाई, खामखा कुणाला तरी लागायचं. मोठं शहर हाय, एवढं समजा. तिथं आधीच्या दोन लाइनी होत्या, तिसरी सुरू व्हायची होती, म्हणून एकवीस स्टेशनांचा नकाशा नव्यानं पाहिजे होता. भिंतीवर लावायला, डब्यात लावायला, खिशात ठेवायला. आमच्या दुकानात एवढं मोठं काम कधी आलं नव्हतं. मी तर दोन दिवस छाती काढून हिंडलो गंजगोलाईच्या बाजारात.

मी सुकन्याला आपली अक्कल शिकवाय लागलो. म्हणलं, मोठी स्टेशनं मोठ्या अक्षरात घे, बारकी बारक्या अक्षरात, बॅनरवर घेतो तशी.

ती हसली. "काका, इथं कुणी नेता न्हाई. ज्याला जिथं उतरायचं, त्याला तेच स्टेशन मोठं."

मग लाइनींचे रंग आले. लाल, हिरवा, निळा. तिनं त्यातली एक लाइन सलग ठेवली, दुसरी तुटक केली, तिसरी दुहेरी केली. मी म्हणलं, रंग हायत की, हे कामून? तर म्हणाली, "आमच्या बाला लाल-हिरवं ओळखू येत न्हाई. मिरची पिकली का, ते आईला विचारून तोडतो. असा माणूस रंगावर गेला तर भलतीकडंच उतरंल." मला रामकिशनची ही गोष्ट इतक्या दिवसांत मालूम नव्हती.

हरिओमनं पाठवलेल्या यादीत एकवीसच्या एकवीस स्टेशनांपुढं लिहिलं होतं, लिफ्ट आहे. म्हणजे सगळीकडं चाकाच्या खुर्चीची खूण टाकायची. मी म्हणलं, एवढ्या खुणांनी नकाशा खराब दिसून राहिलाय, सगळ्या खाली एका ओळीत घे, शुभेच्छुकांसारख्या. पोरीनं माऊस सोडला अन् माझ्याकडं वळली.

चार वर्षांखाली, आमच्याकडं यायच्या आधी, ती बँकेच्या परीक्षेला त्याच शहरात गेली होती, बापाला घेऊन. परीक्षेचं ठिकाण जुनी चावडी स्टेशनाच्या समोर. जुन्या नकाशात त्या स्टेशनाला खुर्चीची खूण होती, म्हणून बिनघोर गेली. फलाटावर उतरली तर लिफ्टच न्हाई! लिफ्ट होती तिकिटाच्या मजल्यापासून खाली रस्त्यापर्यंत. फलाटावरून त्या मजल्यावर जायला अकरा पायऱ्या. रामकिशननं एकट्यानं उचलायचा यत्न केला, पाठीत उसण भरली. माणसं गोळा होईस्तोवर वेळ गेला अन् परीक्षेचं गेट बंद झालं. वर्षभराचा अभ्यास गेला, अन् बापाची पाठ धरली ती धरलीच, म्हणून पुढच्या वर्षीही जाता आलं न्हाई.

"माझी नोकरी त्या खुणेनं घालवली काका," ती म्हणाली. "अन् आता तीच खूण माझ्या हातानं टाकायची हाय." सांगताना रडली न्हाई. मीच पाण्याची बाटली शोधायच्या निमित्तानं मागं जाऊन उभा राहिलो.

मग तिनं दुकानाचा कायदा लावला. ज्याचं नाव, त्याला फोन. एकवीस स्टेशनं! कुठं गार्डाला गाठलं, कुठं तिकिटाच्या खिडकीला, कुठं झाडू मारणाऱ्या बाईला. सगळ्यांना एकच सवाल. "रस्त्यापासून फलाटापर्यंत एकही पायरी न चढता खुर्ची जाते का? असं सांगू नका, स्वतः चालून बघा अन् मग सांगा." चार दिवस बाकीचे बॅनर पडून राहिले, मी हातावर हात धरून बसलो. सतरा स्टेशनं बराबर निघाली. चार निघाली अर्धी. त्या चारांना तिनं खुर्चीची खूण अर्धीच भरून टाकली, अन् शेजारी किती पायऱ्या ते लिहिलं. जुनी चावडी, अकरा.

हरिओमचा घाबरा घाबरा फोन आला. तिकडच्या मेट्रोच्या साहेबांना सगळीकडं पूर्ण खूण पाहिजे, न्हाई तर काम दुसऱ्याला जाणार. आता खोटं कशाला बोलू, मी हललो. तिला म्हणलं, "पोरी, टाकून दे चार खुणा. यादी त्यांची, जिम्मेदारी त्यांची."

"मग तुम्ही टाका. हे घ्या माऊस."

मी घेतला न्हाई. कसा घेणार? आजही ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

ते साहेब सहकुटुंब नांदेडला दर्शनाला येणार होते. हरिओमनं तिथंच आपल्या ऑफिसात भेट ठरवली. आम्ही गाडी करून गेलो. अन् ह्या शहाण्याचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टबिगर! मी रस्त्यावरच त्याला झापलं, "अरे बावळटा, नकाशा कशाचा अन् तू मीटिंग ठेवली कुठं?" त्याचं तोंड एवढंसं झालं. पण साहेब माणूस बरा, स्वतः जिना उतरून खाली आले. खालच्या चहाच्या हॉटेलात दोन टेबलं जोडली, नकाशाचं मोठं प्रूफ पसरलं अन् कोपऱ्यांवर चहाचे ग्लास ठेवले.

सुकन्यानं प्रूफबरोबर एक कागद आणला होता. प्रत्येक स्टेशन, तिथं कोण बोललं, कोणत्या तारखेला, अन् पुढं सहीची जागा. "साहेब, आमच्याकडं सहीबिगर छापत न्हाईत. जिथं पूर्ण खूण, तिथं तुमची सही लागंल."

साहेब हसले. सतरा सह्या फटाफट केल्या. जुन्या चावडीपाशी पेन थांबलं. "इथंही पूर्ण खूण करा. लिफ्ट आहे तिथं."

"तुम्ही सही करा, मी लगेच पूर्ण करते. पण आधी तिथल्या माणसाला विचारा."

साहेबांनी फोन स्पीकरवर लावला. पलीकडं बसवराज नावाचा गार्ड. तो म्हणाला, "सर, लिफ्ट आहे, पण फलाटाला अकरा पायऱ्या आहेत. खुर्चीवालं कुणी आलं की आम्ही चौघं मिळून उचलतो."

"बघा!" साहेब खूश झाले. "आमची माणसं मदत करतात."

सुकन्या शांतपणे म्हणाली, "साहेब, ती चांगली माणसं हायत, पण मला उचललेलं नको. मला आधी कळाय पाहिजे. कळलं तर मी एक स्टेशन पुढं उतरीन, घरून अर्धा तास लवकर निघीन, न्हाई तर ठरवून चौघांना बोलवीन. ते मी ठरवीन. तुमची पूर्ण खूण ते मला ठरवू देत न्हाई."

"पण अर्धी खूण बघून लोक विचारतील, अर्धी का म्हणून."

"विचारू द्या की."

साहेब त्या चार अर्ध्या खुणा एकेक करून पुन्हा बघाय लागले. चहा गार झाला. मी हात जोडून काहीतरी बोलणार होतो, तर हरिओमनंच माझा गुडघा दाबला. मग साहेबांनी पेन उचललं, त्या चारांपुढं "अर्धी" असं लिहिलं अन् चारही ठिकाणी सही केली. मला उठून नाचावं वाटलं.

नकाशा छापून लागला. अन् तिसऱ्या दिवशी दुकानाचा फोन जो खणखणायला लागला, तो थांबेना. आमचीच चूक, अशी चूक लातूरवाल्यांनाच होणार! प्रत्येक फ्लेक्सच्या खाली कोपऱ्यात दुकानाचं नाव अन् मोबाइल नंबर टाकायची सवय. सुकन्यानं हाताच्या सवयीनं तो नकाशातही टाकला, मी बघितला न्हाई, साहेबांनीही बघितला न्हाई. एकवीस स्टेशनांवर आमचा नंबर! लोकांना वाटलं, हीच चौकशी. हे अर्धं म्हणजे काय, आमच्या आत्याचे गुडघे धरलेत, कुठं उतरू, असे फोन. मी दोन दिवस वैतागलो, तिसऱ्या दिवशी मीच सांगाय लागलो, "आजी, एक स्टेशन पुढं उतरा, तिथं पार रस्त्यापर्यंत लिफ्ट हाय." साहेबांकडंही लोक अर्धं का म्हणून विचारून राहिले, असं हरिओम सांगायचा.

आठ महिने झाले असतील. दुपारी तूरडाळीच्या मेळाव्याचा बॅनर चालला होता. फोन आला, सुकन्यानं स्पीकरवर टाकला.

"ताई, जुन्या चावडीवरून बसवराज बोलतोय, गार्ड. आज फलाटापर्यंत लिफ्ट चालू झाली. खूण पूर्ण करा."

मी जागचा उठलो. सुकन्या मात्र सरळ आवाजात म्हणाली, "दादा, असं न्हाई. स्टेशनावर चाकाची खुर्ची असंल. रिकामी घ्या, रस्त्यावर जा, अन् फोन चालू ठेवून फलाटापर्यंत या."

तो गेला. आम्ही दोघं फोनकडं बघत बसलो. गाड्यांचे हॉर्न ऐकू आले, मग लिफ्टचं दार, मग तिकिटाच्या मजल्यावरची गर्दी, मग पुन्हा दार. मग मेट्रो आल्याचा आवाज.

"फलाटावर आहे ताई. एकही पायरी नाही लागली."

माझ्या डोळ्यात पाणी आलं. आलं तर आलं! सुकन्यानं फाइल उघडली, अर्धी खूण पूर्ण भरली, अकराचा आकडा पुसला अन् सेव्ह केलं. 

"बसवराजदादा, उरलेल्या तीन स्टेशनांवर ड्यूटीला कोण हाय? नंबर सांगा, मी लिहून घेते."