सामंतांचा विश्वासू लॅपटॉप

चंदनसारचे चंद्रहास सामंत म्हणजे भलते सावध गृहस्थ. दुकानदाराने मोबाईल नंबर मागितला, की सामान तिथेच ठेवून परत येत. नव्या लॅपटॉपने मात्र त्यांना जिंकलं. पडद्यावर जे जे दिसेल त्याचे तो फोटो काढून ठेवणार होता, विचारलं की शोधून देणार होता आणि त्यातलं काहीही बाहेर पाठवणार नव्हता. "घरातलं घरातच राहतंय, मग भीती कसली?" म्हणत सामंतांनी खुशाल परवानगी दिली.

महिनाभराने त्यांच्या पत्नी सुहासिनीबाईंनी भावाचा नवा पत्ता शोधायला लॅपटॉपवर त्याचं नाव टाकलं. पत्ता राहिला बाजूला. समोर आला सामंतांनी त्याच भावाला पाठवून लगेच पुसून टाकलेल्या मेलचा फोटो. 'सुहासिनीचे गुडघे फार दुखतात, त्यामुळे मुंजीला येता येणार नाही.'

"आणि मला सांगितलंत, त्यांनी बोलावलंच नाही म्हणून!" बाई कडाडल्या.

सामंत ती सोय बंद करायला धावले. बाईंनी लॅपटॉप उराशी धरला.

"राहू दे चालू. बाहेर कुठे जातंय? मीच तर बघतेय."

हल्ली सामंत लॅपटॉपवर फक्त हवामान बघतात.