यादीत सर्वांत खाली

निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली तरी गल्लीत तिला टेलिफोनबाईच म्हणत. एकतीस वर्षं तिने परगावचे फोन जोडून देणाऱ्या ट्रंक कॉलच्या बोर्डावर काढली. कॉल तीन प्रकारचे: साधा, अर्जंट आणि लाइटनिंग. साधा मागणाऱ्याने दिवसभर फोनपाशी बसून राहावं. लाइटनिंग आला की साध्याची लाइन मधूनच तोडायची, मग पलीकडे कोणी रडत असो नाहीतर लग्न ठरवत असो. ताटकळलेल्यांचा विचार तिने कधी केला नाही. केला असता तर काम उरकलं नसतं.

तिचा नवरा गणिताचा मास्तर. एवढा बोलका, की एक्स्चेंजमधल्या मैत्रिणी म्हणायच्या, "तुझ्या घरची लाइन कायम बिझी गं!" आठ महिन्यांपूर्वी मास्तरांना झटका आला. उजवं अंग गेलं, आणि बोलणंही. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तिने मान हलवली आणि सही कुठे करायची ते विचारलं. तेव्हापासून ती तशीच होती. उठायचं, त्यांचं अंग पुसायचं, भरवायचं, औषधं द्यायची, झोपायचं. शेजारीण म्हणाली, "कमाल आहे हो तुमची, डोळ्यातून टिपूस नाही." तिनेही शोधून पाहिलं होतं. नव्हतंच.

मुलगा घरी राहायला आला आणि जेवणाच्या टेबलावरून ऑफिस करू लागला. दिवसभर त्याच्या व्हिडिओ मीटिंगा. मास्तरांना बोलायला शिकवणाऱ्या बाईही रोज अकरा वाजता व्हिडिओवरच यायच्या. शिवाय मुलाने वडिलांच्या उशाशी एक स्पीकर आणून ठेवला होता. बटण दाबून काही विचारलं की उत्तर देणारा. एवढं सगळं एका बारीकशा इंटरनेटवर. मग शिकवणाऱ्या बाईंचं तोंड उघडं ते उघडंच राहायचं आणि आवाज मागाहून यायचा.

शेवटी इंटरनेटवाल्याला बोलावलं.

"काकू, या इमारतीला लाइन एवढीच येते," तो राउटर उलटा करून बघत म्हणाला. "पण आधी कोणाला सोडायचं, मागे कोणाला ठेवायचं, ते ठरवता येतं. तुम्ही सांगा, मी यादी लावतो."

"ते आईलाच विचारा," मुलगा टेबलावरून म्हणाला. "लोकांना ताटकळत ठेवायची पेन्शन मिळते तिला."

"तू गप बस रे." तिने कागदावर लिहून दिलं. पहिला नंबर शिकवणाऱ्या बाईंचा. दुसरा मुलाच्या मीटिंगांचा. मग फोन, मग टीव्ही. सर्वांत खाली स्पीकर.

"स्पीकर शेवटी?" इंटरनेटवाल्याने विचारलं. "त्याला लागतं थोडंसंच. पण रस्ता तुंबला की सायकलही अडकते, काकू."

"अडकू दे. त्याच्याशी बोलणार कोण? हे तर बोलत नाहीत."

दुसऱ्या दिवसापासून अकराचं चित्र स्वच्छ दिसू लागलं. "आजोबा, हे काय आहे? क… कप. म्हणा बघू." मास्तर पडद्याच्या कोपऱ्याकडे बघत राहायचे. आठवडाभराने बाई तिला म्हणाल्या, "आजी, महिनाअखेरपर्यंत एकही शब्द आला नाही तर मला थांबावं लागेल. माझ्याकडे खूप जण रांगेत आहेत." ती "बरं" म्हणाली.

एकोणीस तारखेला इंटरनेटवाला राउटरचा चार्जर बदलायला आला. सगळं नीट चाललंय ना म्हणून त्याने तिच्याच फोनवर एकेक उपकरण तपासलं.

"काकू, स्पीकर कोण वापरतं?"

"कोणी नाही."

त्याने फोन तिच्यापुढे धरला. स्पीकरने ऐकलेलं सगळं तिथे वेळेसकट लिहिलेलं होतं. सोमवार, तीन वाजून बारा मिनिटं: वाजले. उत्तर पोचलं नाही. तीन चौदा: वाजले किती. उत्तर पोचलं नाही. मंगळवारी तीनदा तेच. बुधवारी एकदा. त्यानंतर काही नाही.

तीन ते चार ती गच्चीवर कपडे आणायला जायची आणि शेजारणीशी दोन शब्द बोलून यायची. त्याच वेळी मुलाची मोठी मीटिंग असायची, मास्तरांच्या खोलीचं दार लावून. मास्तर एकटे असायचे.

"कोणीही हेच केलं असतं, काकू," इंटरनेटवाला म्हणाला.

"यादी बदला. स्पीकर पहिला."

"आई, माझी मीटिंग!" मुलगा ओरडला.

"तुझे बाबा बोलत होते," ती म्हणाली. मुलगा उठून आला, फोन वाचला आणि परत जाऊन बसला.

त्या दिवसापासून ती तीन वाजता गच्चीवर गेली नाही. पलंगाजवळ स्टूल ओढून बसायची, बटण दाबायची आणि विचारायची, "किती वाजले?" स्पीकर पटकन उत्तर द्यायचा. "बघा, बोलतो आता तो. विचारा तुम्ही." मास्तर डोळे मिटून घ्यायचे. पुन्हा लाज काढून घ्यायची त्यांची तयारी दिसत नव्हती. तिला वाईट वाटायला हवं होतं. तिला फक्त घड्याळाचे काटे दिसत होते.

असे अकरा दिवस गेले. फोनवरची ती नोंद बाईंना सांगितली, तर त्या म्हणाल्या, "कोणीतरी समोर बसून ऐकलेला शब्द हवा, आजी." तीस तारखेला अकराच्या शिकवणीत बाईंनी निरोपासारखंच काही बोलून घेतलं. तीन वाजता ती पुन्हा स्टुलावर बसली. वेळ विचारून झाली, हवा विचारून झाली. मग काय विचारावं सुचेना, म्हणून म्हणाली, "तेराचा पाढा म्हण."

स्पीकर सुरू झाला. एका सुरात, बातम्या वाचल्यासारखा. तेरा एके तेरा. तेरा दुणे सव्वीस. चाळीस वर्षं ज्यांनी वर्गात पाढ्याची चाल बिघडू दिली नव्हती, त्या मास्तरांनी डोळे उघडले. डावा हात सरकत सरकत बटणापर्यंत गेला.

"बंद… कर."

स्पीकर तिथल्या तिथे थांबला.

ती बसून राहिली. छातीत काही हलतंय का ते पाहिलं. मग फोन उचलून बाईंना लावला आणि मास्तर बोलल्याचं सांगितलं.

"आजी! काय म्हणाले?"

"बंद कर."

"तुम्हाला?"

"स्पीकरला. पाढा नीट म्हणत नव्हता."

पलीकडून मोठ्याने हसू आलं. "उद्या अकराला आहे मी. त्यांना सांगा."

तिने फोन ठेवला. मास्तर तिच्याकडे बघत होते. तिने रुमालाने त्यांच्या ओठाची कड पुसली.

"उद्या अकराला येणार आहेत त्या," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.