एकशे सत्तेचाळीस

कुवेतवरून युद्ध पेटलं आणि सौदीतल्या जुबैलजवळच्या आमच्या कॅम्पात जीव रमवायला स्नूकरचं टेबल तेवढं उरलं. मी नाशिकचा, कॅरमवर वाढलेला. स्नूकर मला शिकवलं ते आमच्या वेल्डिंग इन्स्पेक्टरनं. हा वेल्सचा गडी एकेकाळचा व्यावसायिक खेळाडू. सहा हंगाम खेळला, दरवेळी टीव्हीपर्यंत पोचायच्या आधीच हरला आणि शेवटी पोटासाठी वाळवंटात आला. एका दमात, न चुकता एकशे सत्तेचाळीस गुण करायचे, एवढी एकच हौस त्याची राहून गेली होती. एका डावात जास्तीत जास्त तेवढेच होतात.

एका शुक्रवारी दुपारी तो खेळायला लागला आणि थांबेचना. लाल, काळा, लाल, काळा! मी काळा बॉल काढून जागेवर ठेवत होतो, फळ्यावर गुण लिहीत होतो. ऐंशीच्या पुढे मी गुण मोठ्यानं मोजायला लागलो. रत्नागिरीचा आमचा खानसामा रस्सा गॅसवर सोडून धावत आला आणि मलाच दटावू लागला, "गप ऱ्हावा साहेब, त्याचा हात हलंल!"

एकशे वीसवर क्षेपणास्त्राच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला.

कॅम्पचा सेफ्टी वॉर्डन मीच. "गॅस मास्क घाला!" मी ओरडलो. खरं तर सगळ्यांना शेल्टरमध्ये न्यायला हवं होतं, पण तेवढं शहाणपण माझ्यात कुठलं उरलं होतं! त्यानं निमूटपणे मास्क चढवला आणि पुन्हा वाकला. पिवळा गेला. हिरवा गेला. तपकिरी गेला! खानसामा माझी पाठ बडवत होता. निळाही गेला आणि मी चक्क नाचायला लागलो.

तो मात्र सरळ उभा राहिला. "फाऊल."

निळ्यावर वाकताना मास्कचा पुढं आलेला फिल्टरचा डबा गुलाबी बॉलला घासला होता. आम्हा दोघांनाही दिसलं नव्हतं. कॅरममध्ये असलं काही आम्ही सर्रास गिळून टाकायचो. स्नूकरमध्ये फाऊलचा बॉल मोजायचा नाही, खेळी तिथंच संपते आणि आपला फाऊल आपणच सांगायचा असतो, हे त्यानंच मला शिकवलं होतं.

"मी नाही पाहिलं," मी म्हणालो. "मास्क मी घालायला लावला. चूक माझी. तू खेळ."

तेवढ्यात भोंगा थांबला. काहीच आलं नव्हतं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली मला. त्यानं मास्क काढला आणि उरलेले गुलाबी, काळा दोन्ही सहज घातले. मी खडू उचलून एकशे सत्तेचाळीस लिहायला लागलो, तर त्यानं माझा हात धरला.

"एकशे एकोणतीस लिही," तो म्हणाला. "तेवढे तरी माझे राहू देत."