शिंपीणवहिनींचा वार

आर्णी. सन १९६६, होळीनंतरचा पहिला रविवार, सकाळी आठ. जागा: माझी खोली. हजर: घरमालकीणकाकू, पोस्टमनची बायको, शेजारच्या शिंपीणवहिनी आणि मी. गैरहजर: गल्लीतल्या तिघी, ज्या आदल्या वर्षापर्यंत न चुकता येत.

काम पापड लाटण्याचं. आमच्या गल्लीत उन्हाळ्याच्या तोंडावर प्रत्येक घराचा एक वार ठरे. ज्या घराचा वार, त्या घरानं उडदाचं पीठ कुटून ठेवायचं, तेल काढायचं, चहा करायचा. बाकीच्यांनी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन यायचं. मी शाळेत शिक्षिका, रेघा मारायची हौस, म्हणून वारांची यादी माझ्याकडे आली. मी वसतिगृहात वाढले, लग्न केलं नाही. गल्लीत मी सगळ्यांची 'बाई'. नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. या यादीमुळे वर्षातून सात-आठ दिवस तरी मला कुणाच्या घरी जायला मिळे.

त्या वर्षी उडीद महागला, तेल महागलं. त्या तिघींनी वार घेतलेच नाहीत. रेशनच्या दुकानात ज्वारीऐवजी अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो मिळायचा. त्याची भाकरी थापताना फुटे.

"आमचे हे म्हन्तेत, तिकडं हे जनावरायले घालतेत," पोस्टमनची बायको म्हणाली.

"मंग तुह्या घरी बराबर पत्त्यावर आलं," काकू म्हणाल्या.

शिंपीणवहिनी हसल्या, पण हात थांबला नाही. दुपारी दोनपर्यंत त्या लाटत होत्या. सगळ्यांत पातळ पापड त्यांचे.

त्यांच्या घराची आणि माझी भिंत एकच. पूर्वी त्यांच्या नवऱ्याचं मशीन दिवसभर चाले. कापडाचे भाव चढले तशी माणसं जुनेच सदरे कॉलर उलटवून वापरू लागली, आणि मशीन दुपारनंतर गप्प राहू लागलं. ते मी रोज ऐकत होते. म्हणून त्या संध्याकाळी मी यादी नव्यानं लिहिली आणि शिंपीणवहिनींचा वार गाळला. त्यांचा खर्च वाचेल, इतरांकडे त्या येतीलच, असा माझा विचार. घरोघरी एकेक प्रत दिली. त्यांनाही दिली.

पुढच्या रविवारी काकूंचा वार होता. वहिनी आल्या नाहीत. मी म्हटलं, "बोलावून आणू का?"

"कशी येईन ते? तुमीच तं तिचा वार काढला."

"खर्च वाचावा म्हणून काढला, काकू."

"बाई, जिच्या घरी कोनी लाटाले जात नाही, ते दुसऱ्याच्या घरी गेली तं लोक म्हन्तेत, मजुरीनं गेली. एवढ्या शिकल्या तुमी, अन् हे नाही समजलं?"

मी हात धुतले आणि तशीच वहिनींच्या दारात गेले. आत पीठ कुटून तयार होतं. त्या एकट्याच लाटत बसल्या होत्या.

"वहिनी, माझं चुकलं. उद्याच तुमचा वार लावते."

"राहू द्या, बाई. दिवाळीपासून वरण पातळ करून करून उडीद जमवला होता मी. कोनाले मांगला नव्हता."

"मला वाटलं, तुमची ओढाताण..."

"मले न इचारता काहून वाटलं तुमाले?"

मी खाली बसले आणि पिठाच्या गोळ्याकडे हात नेला. त्यांनी परात आपल्याकडे ओढून घेतली. आवाज अजिबात चढवला नाही.

"आज सुटी आहे तुमची. आराम करा."

मी घरी आले. दुपारभर भिंतीपलीकडून एकाच लाटण्याचा आवाज येत होता.

पावसाळ्यात त्यांचं बिऱ्हाड नागपूरला गेलं. तिथे नवऱ्याला कुठल्याशा कारखान्यात शिवणकाम मिळालं होतं. निघताना त्या काकूंच्या गळ्यात पडून रडल्या. माझ्याकडे वळून "येतो, बाई" एवढंच म्हणाल्या. पुढच्या वर्षी यादीत दोन घरं राहिली, त्यानंतरच्या वर्षी मी यादी केलीच नाही. पापड दुकानातून आणते. एकटीला एक पुडा पुष्कळ दिवस पुरतो. भिंतीपलीकडच्या खोलीत आता सरकीची पोती असतात.

नागपूरचा पत्ता पोस्टमनच्या बायकोनं मिळवून दिला आहे. वहिनी माझ्या घरी सकाळी आठ ते दुपारी दोन लाटत होत्या. तेवढं लाटणं मी त्यांच्या घरी अजून केलेलं नाही. उन्हाळ्याच्या सुटीतल्या कामांत तीन वर्षं हे पहिल्या ओळीवर लिहिते आहे. पुढच्या ओळींवरची कामं होतात: गादी पिंजून घेणं, कौलं चाळून घेणं, चष्म्याचा नंबर तपासणं. आधी पत्र टाकावं की सरळ पोळपाट घेऊन जावं, एवढंही अजून ठरलेलं नाही.