चंद्रीची विभूती

बेंबळीच्या गिरिजाबाईचा देवावर भरवसा फार, नवऱ्यावर जरा कमी. महालिंगप्पा कापडाचा व्यापारी. चंद्री घोडीवर बसून तो येरमाळ्याच्या, सास्तूरच्या बाजाराला जायचा. निजामाच्या राज्याचे शेवटचे दिवस, वाटेत रझाकारांची धास्ती. तो बाहेर पडला की बाईच्या घशाखाली भाकर उतरायची नाही. म्हणून निघताना ती त्याच्या कपाळाला विभूती लावायची, अन् घोडीलाही. चंद्री कपाळाला हात लावू द्यायची नाही. मग बाईनं पुढच्या पायांमागं, जिथं काळीज धडधडतं तिथं, ओली विभूती फासायला सुरुवात केली. खोगिराचा तंग, म्हणजे पोटाखालून आवळायचा पट्टा, नेमका तिथंच बसतो. पण हे बाईला कोण सांगणार?

घोडीची निगा नागप्पाकडं. मोठा कटकट्या गडी. तंग रोज धुवायचा, कुसळ राहिलंय का ते तळव्यानं चाचपायचा. तंग आधी सैल बांधून घोडी थोडी चालवायचा, मग आवळायचा. शेवटी तिचे पुढचे पाय एकेक करून पुढं ओढायचा, कातडं चिमटू नये म्हणून. महालिंगप्पा म्हणायचा, "घोडी सजवतोस का नवरी?"

पण खरारा करून नागप्पा खोगीर आणायला आत वळला, की बाई आपलं काम उरकायची. चंद्री पांढरीशुभ्र, दिसणार काय?

एक दिवस सास्तूरहून महालिंगप्पा घोडीचा लगाम धरून पायीच आला. तंगाखालचं कातडं सोलून लालभडक झालेलं.

"नागप्पा, तंग धुतला न्हाईस!"

"धुतलाय मालक. बसवण्णाची आण."

"मग घोडीनं सवताच सोलून घेतलं व्हय? चालता हो!"

गिरिजाबाईनं तंग उचलला. घामात कालवून वाळलेल्या विभूतीची खरखरीत खपली त्यावर धरली होती. तिनं ती नखानं खरवडली अन् पदराला हात पुसले. नागप्पा मान खाली घालून गेला.

दुसऱ्या सकाळी बाई जखम धुवायला गेली, तर बांगड्या वाजताच चंद्रीनं पोट आत ओढलं. तिकडं महालिंगप्पा गाठोडं खांद्यावर टाकून पायी निघालेला. बाईला राहवलं नाही.

"अवो, नागप्पाचं काय चुकलं न्हाय. म्या तिथं इबूत लावत हुते."

त्यानं गाठोडं खाली ठेवलं. "देवाची इबूत, अन् असं करती?"

"देवाला मधी कशाला आणता? हात माझा हुता."

"मग त्येला तूच सांग जा."

ती नागप्पाच्या दारात गेली, सगळं बोलली. त्यानं आपले तळवे उघडून पाहिले.

"मला वाटलं अव्वा, माझंच हात आता कामातनं गेलं."

हे ऐकण्यापेक्षा त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं बाईला झालं.

नागप्पा परत आला, जखमही भरली. पुढं बाईनं विभूती फक्त नवऱ्याला लावली. घोडी निघण्याआधी मात्र ती कोरडा हात तंगाखालून फिरवून बघायची. तेवढा वेळ चंद्री श्वास धरून उभी राहायची. अन् बाईसुद्धा.